गुरुजींच्या नावाचा हेल

मालिकेतलं गाव खरं नसतं हे तनयाला ठाऊक होतं, पण ते इतकं पातळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. समोरून बघितलं तर सारवलेली भिंत, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात पणती. दोन पावलं बाजूला सरकलं की भिंत संपायची आणि मागे प्लायवूडला दिलेले बांबूचे टेकू दिसायचे. त्यांच्या मागे लगेच रान सुरू होत होतं. ऐनाची, सागाची झाडं, आणि खाली गुडघाभर सुका पाला.

"ताई, भिंतीला टेकू नका हां," हरेश म्हणाला. "मागल्या महिन्यात एक जण टेकला, तो पाटलाचं अख्खं घर घेऊन खाली आला."

हरेश लोधिवलीचा. घरची भातशेती होती, पण त्याचा खरा धंदा शूटिंगला माणसं पुरवण्याचा. गर्दी हवी, बाजार हवा, वरात हवी, की हरेश पहाटे टेंपो काढायचा आणि लोधिवलीपासून दहिवलीपर्यंतची माणसं गोळा करून या खालापूरच्या रानात आणून सोडायचा. शाळेत तो तनयाच्या वडिलांचा, अप्पांचा विद्यार्थी होता. भूगोलात दोनदा नापास झालेला, हे त्यानंच आज येताना गाडीत सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला अभिमानच वाटत असावा.

मागच्या मे महिन्यात तोच अप्पांकडे कर्जतला, दहिवलीच्या घरी गेला होता. "गुरुजी, तुमच्यासारखा चेहरा पायजेल. डायलॉग एकपण नाय." मालिकेतले वयोवृद्ध आजोबा पहिल्याच मिनिटाला वारलेले दाखवायचे होते. अप्पांनी एवढंच करायचं होतं, की तिरडीवर पडून राहायचं.

अप्पांनी हे तनयाला फोनवर सांगितलं. ती ठाण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची यादी तपासत बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "आई जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत, अप्पा, आणि तुम्ही हौसेनं तिरडीवर झोपायला निघालात?" पुढेही बरंच काही बोलली. अप्पा "अगं, पण" म्हणाले आणि तिनं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी ते गेले, झोपले आणि परत आले. आठवड्यानं बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं. भाजीचं, पाण्याचं, रक्तदाबाच्या गोळीचं. तो विषय मात्र दोघांनीही काढला नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी अप्पा खुर्चीत बसल्याबसल्या गेले.

तो भाग तिनं पाहिला तो त्यानंतर. चाळीस सेकंद अप्पांचा चेहरा दिसत होता. नाकात कापूस, कपाळाला बुक्का. आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे गेलेली पाण्याची एक बारीक ओळ.

द्वारका आत्यानं ती आधीच पाहिली होती. "रडत होता गं तो," आत्या म्हणाली. "स्वतःचं मरण दिसलं त्याला." मरण दिसल्याची गोष्ट तनयानं सोडून दिली. अशा गोष्टींवर विश्वास बसू नये इतकं तिनं वाचलं होतं. पण रडण्याचं तिला सोडून देता येईना. आदल्या संध्याकाळी मुलीनं तोंडाला येईल ते ऐकवलेला म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशी डोळे मिटून पडला, तर त्याच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं. त्यासाठी मरण दिसायची गरज नसते.

सहा महिने ती ते चाळीस सेकंद बघत राहिली. शेवटी हरेशला फोन करून म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे." खरं विचारायचं होतं ते फोनवर विचारवलं नाही. आज गाडीत विचारलं.

"मी खाली टेंपोपाशी व्हतो, ताई," हरेश म्हणाला होता. "पण शकूबाय पूर्ण वेळ उशाशी व्हती. तिला इचारा. ती खोटं बोलत नाय. बोलली असती तर आमच्या घरात एवढी भांडणं झाली नसती. माझी चुलती हाय ती."

शकूबाई एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर बसली होती. साठीची, काटक बाई. अंगावर मालिकेचा हिरवा शालू, नाकात चिमट्याची नथ. आज लग्नाचा प्रसंग होता आणि ती मुलीकडची मावशी होती. नथ टोचत होती म्हणून तिनं काढून मुठीत धरली.

"चुलते, या अप्पा गुरुजींच्या तनयाताई," हरेश म्हणाला. तेवढ्यात लांबून त्याच्या नावानं कुणीतरी ओरडलं. वऱ्हाडातली चार माणसं कमी भरत होती. तो पळाला.

शकूबाईनं तनयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू फोन आपटणारी," ती म्हणाली.

"हो," तनया म्हणाली.

"बस गं बाय. ही खुर्ची घे. मला खालीच बरं वाटतं, पर हा शालू मळला तर ती कपडेवाली पोरगी माझा जीव घेईल." ती तरीही खाली बसलीच, शालू गुडघ्यावर गोळा करून. "इथंच व्हता तुझा बाप. या झाडाखाली. ह्या बाजूला डोकं."

तनयानं पाहिलं. पाला, दोन-तीन कागदी पेले, मुंग्यांची रांग. जागेकडे बघून काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. काहीच झालं नाही. रानात ऊन गाळून पडत होतं आणि कुठंतरी भारद्वाज घुमत होता.

"मावशी, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "ते रडत होते का?"

"कोण, गुरुजी?"

"त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसतं."

शकूबाईनं नथ एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतली. "पयल्यापासनं सांगते," ती म्हणाली. "मधी बोलू नको."

तर झालं असं होतं. शकूबाईला युनिटनं रडायलाच बोलावलं होतं. पंचक्रोशीत कुणाकडे कुणी वारलं की शकूबाईला निरोप जायचा, कारण तिच्यासारखा सुरात रडण्याचा हेल दुसऱ्या कुणाला काढता येत नसे. डायरेक्टर तिला म्हणाला, मावशी, शब्द नकोत, नुसतं रडा, वर म्युझिक टाकणार आहोत.

"मी म्हटलं, शब्दाबिगर रडायला मी काय कुत्री हाय? मेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. त्यानं काय केलं, कुणाला मागं ठेवलं, ते सांगावं लागतं. नायतर ते रडणं कुणाचं? वाऱ्याचं? डायरेक्टर म्हणाला, तुमचं तुमी बघा. मग मी कुणाला इचारणार? मी तिरडीपाशी गेले. गुरुजी पडले व्हते, नाकात कापूस. मी म्हटलं, गुरुजी, जरा कापूस काढा. तुमचं काय काय सांगून रडू?"

"त्यांना विचारलंत?" तनया म्हणाली.

"मधी बोलू नको म्हटलं ना. त्यालाच इचारणार! दुसरं कोण व्हतं तिथं त्याच्या घरचं? गावात कुणी मेलं तर मला ठावं असतं. हा कर्जतचा मास्तर. माझ्या दिराची पोरं त्याच्याकडं शिकली, तेवढीच वळख. तर गुरुजी उठून बसले. म्हणाले, शकूबाई, असं कुणी अजून विचारलं नाही, थांबा, विचार करून सांगतो. आणि लागले सांगायला. शाळेत काय शिकवलं ते सांगितलं. बायकोचं सांगितलं. बायको गेल्यावर सैपाक शिकलो म्हणाले, पर गवारीच्या शेंगेचा दोरा काय निघत नाय. मग म्हटलं, लेकीचं सांगा. लेकीबिगर हेल उठत नाय. तर म्हणाले, लेक रागावली आहे. काल फोन आपटला."

तनया मुंग्यांच्या रांगेकडे बघत राहिली.

"मी म्हटलं, अरं देवा, मग आज आलातच कशाला? तर हसले. म्हणाले, तिची आई गेल्यापासून ती गप्पच होती. फोन करायची, जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. परक्या माणसासारखी. काल एवढ्या दिवसांनी पयल्यांदा भांडली. बरं वाटलं."

"असं म्हणाले?"

"असंच. बरं वाटलं म्हणाले. परत झोपले. नाकात कापूस घातला. मी बसले उशाशी आणि सुरू केलं."

"काय सुरू केलं?"

शकूबाईनं आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या अंगणात नवरदेवाच्या फेट्याचा तुरा पुन्हा पुन्हा पडत होता आणि तिघं जण तो टाचण्यात गुंतले होते. तिनं पदर तोंडाशी घेतला, मान एका बाजूला टाकली, आणि बारीक, खालच्या आवाजात हेल धरला.

"अरं माझ्या गुरुजी रं... खडू-फळा सोडून कुठं गेलास रं... कर्जतच्या पोरांना नद्या कोण दावील रं... गवारीच्या शेंगेचा दोरा तसाच राह्यला रं... लेक तुझी बुकांच्या गावाला रं... जाऊ नको म्हणून भांडली रं... तू तिचं ऐकलं नाय रं... आता ती कुणावर फोन आपटंल रं..."

एवढं म्हणून ती थांबली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "इथं आले आणि मढं हसलं."

"काय?"

"हसला गं तुझा बाप! फोन आपटंल म्हटलं आणि त्याचं पोट हाललं. डायरेक्टर वरडला, कट! पुन्यांदा केलं. पुन्यांदा त्याच जागी पोट हाललं. मी म्हटलं, गुरुजी, लाज राखा, मी रडायला लागलेय. तर म्हणाले, शकूबाई, दुसरं काहीही म्हणा, तेवढं फोनचं नको. पर मी कशी सोडू? तीच तर खरी ओळ व्हती. चार येळा कट झालं. पाचव्याला कुणीतरी शक्कल काढली. झेंडूचे हार आणले टोपलीभर आणि टाकले पोटावर. म्हणाले, आता हसा काय हसायचं ते. दाबून दाबून हसला आणि पाणी आलं डोळ्यांतनं. ते पाणी पुसायला मी हात घातला तर डायरेक्टर म्हणाला, राहू द्या, चांगलं दिसतंय."

तनयानं फोन काढला. ते चाळीस सेकंद तिनं फोनमध्ये साठवून ठेवले होते. इथं रेंज नव्हती तरी दिसणार होते. तिनं ते लावले. आतापर्यंत तिनं फक्त डोळा पाहिला होता. पाण्याची ओळ पाहिली होती, ती कुठं सुरू होते, कुठं कानामागे जाते. आज तिनं खाली बघितलं. पोटावर झेंडूचा ढीग होता. एवढे हार कुणी घालत नाही, हे एरवी तिच्या लक्षात आलं असतं. वर संथ सनई वाजत होती, आणि उशाशी ठेवलेल्या दिव्याची ज्योत अगदी सरळ होती, जरासुद्धा वारा नव्हता. आणि झेंडूची फुलं थरथरत होती. थांबत होती, पुन्हा थरथरत होती.

"बघ," शकूबाई फोनवर वाकून म्हणाली. "ही बघ. फोनच्या ओळीवर आलेय मी."

तनयानं पुन्हा लावलं. पुन्हा फुलं थरथरली. अप्पा हसू दाबायचे तेव्हा त्यांची हनुवटी किंचित आत जायची. तीही गेली होती. ती इतकी ओळखीची होती, की सहा महिने आपण बघत काय होतो, हेच तिला कळेना.

ऑगस्टमध्ये दहिवलीच्या घरात कुणी मोठ्यानं रडलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धत नाही, असं द्वारका आत्या कुणालातरी सांगत होती. माणसं हलक्या आवाजात आली, हात जोडले, चांगला माणूस होता म्हणाली आणि गेली. तनयानं स्वतः चहाचे कप मोजून घेतले होते. अप्पांच्या नावानं जे काही रडणं झालं ते इथं झालं होतं, तीन महिने आधी, आणि ते त्यांनी स्वतः आडवं पडून ऐकलं होतं. पाच वेळा.

"रडायचं तर रड," शकूबाई म्हणाली. "इथं कुणी बघत नाय. सगळी नवरीकडं बघतात."

"नाही," तनया म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या हेलात एक राहिलं."

"काय राह्यलं?" शकूबाई ताठ झाली. तिच्या कामात कुणी खोट काढलेली तिला खपत नसावी.

"ते चहा बशीत ओतून प्यायचे. फुर्र आवाज करत. तीन घरं पलीकडे ऐकू जायचा. आई म्हणायची, पाहुणे आल्यावर तरी कपानं प्या. तर पाहुण्यांच्या समोर मुद्दाम मोठ्यानं."

"हे सांगितलं नाय त्यानं मला."

"सांगणार नाहीतच."

"लबाड," शकूबाई म्हणाली. तिनं डोळे मिटले, ओठ हलवून शब्द जुळवून बघितले, मान पुन्हा एका बाजूला टाकली. "बशी तुझी कोरडी पडली रं... फुर्र कोण करंल रं... तिसऱ्या घरची म्हातारी कान देऊन बसली रं..."

तनयाच्या तोंडून हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला, पण आवाज बाहेर पडला तो पडलाच. पलीकडून भोंग्यातून कुणीतरी ओरडलं, "सायलेन्स! कोण हसतंय तिकडं? शकूमावशी, मुलगी सासरी चालली आहे! शालू सांभाळा आणि नथ घाला!"

"आले, आले!" शकूबाईनं नथ नाकात अडकवली, कण्हत उठली, शालूला चिकटलेली पानं झटकली. दोन पावलं गेली आणि परत वळली.

"जाऊ नको गं बाय. ही पोरगी एकदा सासरी गेली की जेवण हाय. तवर अजून काय काय करायचा ते आठवून ठेव. निम्माअर्धा हेल बरा नाय."

तनया मोहाच्या झाडाला टेकून बसली. हे झाड खरं होतं, त्याला टेकता येत होतं. तिनं पिशवीतून एक जुनी पावती काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'वर्तमानपत्र वाचताना बातमीशी भांडायचे', आणि पुढचं आठवू लागली.