बारा महिने हिरवंगार

"हे काय घातलंय खाली?" वहिनींनी वाकून गवताला हात लावला आणि चटका बसला तसा मागे घेतला.

"कृत्रिम हिरवळ, वहिनी!" सोसायटीचे अध्यक्ष हात चोळत पुढे आले. "पाणी नको, खत नको, कापणी नको. बारा महिने हिरवंगार! भाऊंचं स्वप्नच होतं ना ते?"

नवरा गेल्यावर मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली होती. दोन महिने तिने परत येऊ दिलं नाही. मागच्या आवारात बाबांच्या नावाचा कार्यक्रम आहे, तू यायलाच हवंस, असा मुलाचा फोन आला म्हणून त्या सकाळी परतल्या होत्या. बागेला ह्यांचं नाव देणार असतील, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून तर ठेवणीतलं नेसून खाली आल्या होत्या.

आणि बागच नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लास्टिक पसरलं होतं, त्याला रबराचा वास येत होता. कडेने ओळीने कुंड्या, कुंड्यांत कापडी फुलं. समोरच्या भिंतीवर काळ्या दगडाची पाटी, तिच्यावर पडदा. पुढे पंचवीस-तीस खुर्च्या आणि त्यांत बसलेली अख्खी इमारत.

इमारत त्यांच्या नवऱ्याला मीटरभाऊ म्हणायची. पाणीखात्यात त्यांनी एकतीस वर्षं मीटर वाचले. घरोघर जायचं, अंगणातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चिखल पुसायचा, आकडा लिहायचा. झाकण परत बसवलं, की मग खरं काम सुरू व्हायचं. "बाई, ह्या गुलाबाची एक फांदी द्याल का?" नाही म्हणणारं घर क्वचितच निघायचं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या सरकारी पिशवीत नोंदवहीला चिकटून घरी यायच्या. नोंदवही भिजते म्हणून साहेबाने दोनदा झापलं होतं. भाऊंनी काय करावं? फडक्याला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि फांद्या आणतच राहिले.

इमारतीमागे तेव्हा नुसता राडारोडा होता. तो भाऊंनी एकट्याने उपसला. त्यात जे जे लावलं, त्याला ज्या घरून आलं त्या घराचंच नाव. संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून ते उठायचे, "जरा नर्सबाई कशा आहेत बघून येतो," आणि जाऊन शेवंतीला पाणी घालायचे. डाळिंब म्हणजे शिंपी. कितीही छाटली तरी न संपणाऱ्या गप्पांसारखी पसरत जाणारी जाई म्हणजे सतरा नंबरच्या आजी. "घरात दोन पोरं आणि मागे दोनशे नातेवाईक," असं वहिनी करवादायच्या. पण मुलाला सायकल शिकायची झाली, तेव्हा ह्याच माणसाने ऐन बहरातल्या गुलाबांचा वाफा उपटून पलीकडे नेला होता. पोरगं पडलं तर काट्यात नको पडायला, म्हणून. त्यातले निम्मे गुलाब गेले. भाऊंनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही.

आणि हेच अध्यक्ष! भिंतीला ओल येते म्हणून एक नोटीस, डास होतात म्हणून दुसरी, जाईची पानं गाडीवर पडतात म्हणून तिसरी. जिवंतपणी तीन नोटिसा आणि मेल्यावर पाटी. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झाडं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, आधी पडदा उघडूया, मग निवांत..."

"झाडं कुठायत म्हणते मी!"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "कचऱ्याच्या गाडीतून गेली. नियमाने केलंय सगळं. तुमच्या चिरंजिवांची लेखी संमती आहे."

वहिनी वळल्या. मुलगा दुसऱ्या रांगेत होता. तो उठून जवळ आला, पण त्याने मान वर केली नाही.

"तू सही केलीस?"

"आई, पाणी कोण घालणार होतं? मी सकाळी सातला बाहेर पडतो, रात्री येतो. आम्ही घालू म्हणणाऱ्यांनी चार दिवस घातलं. सगळं वाळत चाललं होतं. मला बघवेना."

"मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"तू आधीच इतकी खचलेली. म्हटलं, निदान नाव तरी राहील."

वहिनींना त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण राग सगळा त्याच्यावर काढता येईना, हेच तर मोठं दुखणं होतं. ऐन उन्हाळा तोंडावर असताना आपण लेकीच्या घरी पंख्याखाली बसून राहिलो. ह्यांच्यासाठी रडलो, पण नर्सबाई कशा आहेत हे एकदा तरी विचारलं का?

अध्यक्षांनी संधी साधून माइक त्यांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला. भाऊंची एखादी आठवण."

"मला भाषण येत नाही," वहिनी म्हणाल्या. माइकमधून आवाज मोठा आला आणि त्या स्वतःच दचकल्या. मग मात्र थांबल्या नाहीत. "ह्यांच्या नखांतली माती कधी निघाली नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा ह्यांनी हात पाठीमागे ठेवून फोटो काढलेत. अशा माणसाचं नाव ह्या सतरंजीवर नको. गवत तुमचं, ते तुम्ही ठेवा. नाव आमचं आहे, ते आम्ही घरी नेतो."

"अहो वहिनी, पाटी भिंतीत पक्की बसवलीय!"

"मग काढा."

मागच्या रांगेतून इमारतीचा नळवाला उठला. तो आणि भाऊ पाइपच्या गळतीवरून दर आठवड्याला भांडायचे आणि भांडून झालं की एकत्र चहा प्यायचे. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढत तो सरळ भिंतीपाशी गेला.

"मीच पिळलेत हे स्क्रू," तो पुटपुटला. "झक मारली आणि पिळले."

"अरे, कुणाला विचारून?" अध्यक्ष ओरडले. नळवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. पडदा तसाच राहू देऊन त्याने खालून हात घालत चारही स्क्रू काढले, पाटी पडद्यासकट उतरवली आणि वहिनींसमोर धरली.

"दे इकडे, जड आहे," मुलगा पुढे झाला.

"जड असू दे. तू एका बाजूने धर."

दोघं दोन बाजूंनी पाटी धरून जिना चढू लागले. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली अध्यक्ष माइकवर चहा-बिस्किटांची घोषणा करत होते आणि खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. दुसऱ्या मजल्यावर वहिनींना धाप लागली.

"आई, जरा खाली ठेवू या."

"खाली नाही ठेवायची."

त्या पायरीवर बसल्या आणि पाटी मांडीवर घेतली. मुलगा एक पायरी खाली टेकला. त्याने पडदा बाजूला केला, बापाचं पूर्ण नाव एकदा वाचलं आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडायला लागला. वहिनी त्याला गप्प राहा म्हणाल्या नाहीत. एका हाताने पाटी सावरत, दुसरा त्याच्या पाठीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.