बेटावर चोऱ्या होत नाहीत

सगळं बेट तिला वहिनी म्हणायचं. आधी फक्त धाकटा दीर म्हणायचा, मग त्याचे मित्र म्हणू लागले, मग धक्क्यावरचे हमाल, आणि शेवटी लॉजवर उतरणारे पाहुणेसुद्धा. खाली राहतं घर, वर पाहुण्यांच्या खोल्या. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या सारख्या गंजायच्या आणि नवरा लाँचवरून आला की तेलाची बाटली घेऊन त्यांच्यामागे लागायचा. मुख्य भूमी आणि बेट यांच्यात त्याची लाँच दिवसभर ये-जा करायची. दीर पाहुण्यांना सायकली आणि स्कूटर भाड्याने द्यायचा, शिवाय बेटावरच्या लॉजवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता.

त्या आठवड्यात वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका उतरल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, तुरुतुरु चालणाऱ्या. एकट्याच आल्या होत्या. "आयुष्यभर सहली नेल्या त्या पोरं मोजत. आता कुणालाही न मोजता फिरायचंय," असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. वहिनीला त्या फार आवडल्या. नाश्ता झाला तरी दोघी बोलत बसायच्या.

एका सकाळी बूट घालता घालता बाईंनी विचारलं, "काय हो वहिनी, दीपगृहाकडे मागच्या वाटेने गेले तर चालेल ना? एकटी आहे म्हणून विचारते."

वहिनी चहाच्या कपबशा आवरत होती. तिने मान वर केली नाही.

"बिनधास्त जा. आमच्या बेटावर चोऱ्या होत नाहीत. चोर पळणार कुठे? चहूबाजूंनी पाणी!"

हा बेटावरचा ठरलेला विनोद होता. सगळे पाहुणे त्याला हसायचे. बाईही हसल्या, टोपी चढवली आणि निघाल्या.

कपबशा घेऊन वहिनी आत आली खरी, पण मोरीशी तशीच उभी राहिली. हंगामाच्या सुरुवातीला याच मागच्या वाटेवर एका मुलीला कुणीतरी ढकलून तिचा कॅमेरा हिसकावला होता. ती मुलगी वहिनीकडेच उतरलेली. कोपरं सोलवटून, रडत परत आली, तेव्हा वहिनीनेच जखमा धुतल्या, चहा पाजला आणि समजूत घातली. "तक्रार करशील तर चौकी पलीकडे किनाऱ्यावर. हेलपाटे घालत बसशील. त्यापेक्षा घरी जा बाळा, आई वाट बघत असेल." दिराने तसंच सांगायला सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं म्हणणं. एकदा का बेटाचं नाव खराब झालं की हंगाम गेलाच म्हणून समजा. नवऱ्याने त्या मुलीला पुढच्याच लाँचने पलीकडे सोडलं. घरी पोचल्यावर मुलीचा वहिनीच्या फोनवर निरोप आला होता: 'सुखरूप पोचले. तुम्ही होतात म्हणून. थँक यू.'

बाईंना हाक मारावी, असं वहिनीच्या मनात आलं. तेवढ्यात वरून कुणीतरी गरम पाणी मागितलं, आणि ती बादली घेऊन जिना चढली.

दुपारी जेवणाच्या वेळेला बाईंना चौघांनी खाटेवर घालून आणलं. दीपगृहाच्या खालच्या वळणावर कुणीतरी पाठीमागून येऊन गळ्यातली साखळी ओढली होती. बाई दगडावर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

नवऱ्याने लाँच काढली. वहिनी बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वेदनेने बाईंचे ओठ पांढरे पडले होते, तरी बोलणं थांबेना.

"तोंडाला टॉवेल गुंडाळला होता मेल्याने. पण गंमत सांगू? पळताना 'सॉरी आजी' म्हणाला. चोर आणि वर शिष्टाचार!"

वहिनीला ती कॅमेऱ्याची मुलगी आठवली. त्या मुलीनेही चहा पिताना हेच सांगितलं होतं. सॉरी ताई, म्हणाला होता.

हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आला, तोवर दीरही मागून दुसऱ्या लाँचने येऊन पोचला होता. "बेटावर आधी असं काही झालंय?" हवालदाराने विचारलं. दिराने वहिनीकडे बघितलं. वहिनीने तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, "छे हो! या वहिनींना मी मुद्दाम विचारून गेले होते. तिथे कधीच काही होत नाही. त्यांचा काय दोष? त्यांच्याच मांडीवर तर आले मी इथवर."

हवालदाराने ते लिहून घेतलं. वहिनी गप्प राहिली. बाईंनी तिचा हात धरून ठेवला होता आणि तो सोडवून घ्यायचीही तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी एका वेल्डरला उचललं. धक्क्याचे कठडे दुरुस्त करायला बाहेरून आलेल्या टोळीतला तो, बाई बेटावर येण्याच्या जेमतेम आदल्या दिवशी आलेला. पहिलीच चोरी आणि नवाच माणूस, पोलिसांनी दोन अधिक दोन चार केले. धक्क्यावरून नेताना त्याला सगळ्यांदेखत मारलं. वहिनी भाजी घेऊन येत होती. वेल्डर कुणाशी भांडत नव्हता. कामाचे हातमोजे मात्र त्याने घट्ट धरले होते, आणि मार चुकवण्याऐवजी तो ते पाण्यात पडू नयेत म्हणून धडपडत होता.

जेवताना दीर खुशीत होता. "बघ, बाहेरचाच निघाला. मी म्हणत नव्हतो?"

"तो नाहीये," वहिनी म्हणाली. "त्या मुलीचा कॅमेरा गेला तेव्हा तो इथे नव्हता. दोन्ही वेळेला चोर एकच होता."

"कुठली मुलगी?" दिराने शांतपणे विचारलं.

"भाऊजी, माझ्यासमोर तरी असं नका बोलू."

"वहिनी, आता तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. मग म्हातारीला त्या वाटेने पाठवलंस कशी? आहे उत्तर?"

ताट सारून वहिनी ओट्याशी जाऊन उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे लोक सहज बोलून जातात. इथे तर दोरी तिच्याच हातात होती.

नवरा इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. तो उठला, हात धुतले आणि खुंटीवरची लाँचची किल्ली घेतली.

"पोरीला पलीकडे मीच सोडलं होतं," तो म्हणाला. "चल. मीही सांगतो."

"दादा, तुला कळतंय का काय करतोयस?" दीर ओरडला. नवरा तोवर उंबरा ओलांडून गेला होता.

चौकीत हवालदार आधी भडकला. "आता सांगताय? काल तोंडाला कुलूप होतं का?" वहिनी म्हणाली, "हो, होतं." मग तिने फोनमधला त्या मुलीचा निरोप काढून दाखवला, त्यावरची तारीख दाखवली. हवालदाराने तिथूनच मुलीला फोन लावला. ती काय बोलली ते वहिनीला ऐकू आलं नाही. पण बोलणं संपल्यावर हवालदाराने फोन तिच्याकडे परत देत म्हटलं, "ती विचारतेय, मग वहिनींनी मला तक्रार का करू दिली नाही?"

हंगामाच्या सुरुवातीपासून बेटावर असलेल्यांच्या खोल्या पोलिसांनी तपासल्या. कॅमेरा मिळाला धक्क्यावरच्या फोटोवाल्याच्या खोलीत. लाँचवरून उतरणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढायचा तो. जोडीने कोण आलं, घोळक्याने कोण आलं, एकटं कोण, सगळं त्याला बसल्या जागी कळायचं. बाईंची साखळीही तिथेच सापडली. दिराचा तो बालमित्र, वहिनीच्या हातचं कितीदा जेवला होता. पोलिसांबरोबर लाँचमध्ये चढताना तो तिला "सॉरी वहिनी" म्हणाला.

वेल्डर सुटला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. चौकीच्या दाराशी वहिनीने त्याला गाठलं, हात जोडले. ही बाई कोण, हे त्याला कळेना. तिने कसंबसं सांगितलं, की मी आधीच बोलले असते तर तुला कुणी हात लावला नसता. त्याने ऐकून घेतलं. "आत माझा मोबाईल राहिलाय, तेवढा मागून द्या," एवढंच म्हणाला. तिने मागून दिला. मोबाईल खिशात घालून तो सरळ बसस्टँडकडे चालू लागला. बेटावर तो परत आला नाही.

बाईंना सांगणं राहिलं होतं. ऑपरेशन झाल्यावर वहिनी त्यांच्या खाटेशी गेली. बाईंनी हसून शेजारची खुर्ची दाखवली. वहिनी बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: ती मुलगी, कॅमेरा, मोरीशी उभं राहून न मारलेली हाक.

बाईंनी चादरीची किनार चिमटीत धरली.

"सांगितलं असतंत तरी कदाचित मी गेलेच असते," त्या म्हणाल्या. "मी हट्टी आहे. पण मग ते माझं मी ठरवून गेले असते. तुम्ही मला ठरवूच दिलं नाहीत."

"चुकलं माझं."

"हो, चुकलंच." त्यांचा आवाज चढला नाही. "मी माझ्या मुलीला रोज फोनवर तुमचं कौतुक सांगत होते. आता तिला काय सांगू?"

बाईंनी डोळे मिटले. "या आता तुम्ही. मला पडू द्या."

त्या हंगामात निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या, फक्त तिच्याच नाही, सगळ्यांच्याच. धक्क्यावर बायका तिला बघून बोलणं थांबवायच्या. दिराने वेगळी चूल मांडली. पोलिसांनी बजावल्यावर मागच्या वाटेवर दिवे लागले, पहारेकरी आला, आणि हे संघटनेने आपणहून केलं असं दीर पाहुण्यांना सांगू लागला. वहिनीने ते खोडून काढलं नाही.

आठवड्यातून एकदा ती लाँचने पलीकडे जायची. बाई अजून हॉस्पिटलातच होत्या, वॉकर धरून चालायला शिकत होत्या. पहिल्यांदा त्यांनी तिला खोलीत येऊ दिलं नाही. दुसऱ्यांदा त्यांच्या मुलीने दारातूनच धुवायचे कपडे हातात ठेवले आणि आत निघून गेली. वहिनीने ते घरी आणले, धुतले, इस्त्री करून पुढच्या खेपेला नेले. तेव्हाही आत बोलावणं नव्हतं. कपड्यांची नवी पिशवी मात्र दाराबाहेर स्टुलावर ठेवलेली होती. तिने ती उचलली आणि धक्क्याच्या वाटेला लागली.