ठेवणीच्या पाठी

“माझी पाठ दरसाल शेवटीच घेती आक्का. तवर म्हातारीची बोटं थकतात, आन् थकलेल्या बोटांना समदंच वाकडं लागतं,” छाया माझ्या कानाशी पुटपुटली.

पाठ म्हणजे शेळीचं मादी करडू. येवल्याजवळच्या आमच्या वस्तीत दिवाळी उरकली की बायका आपापल्या पाठी देवळापुढच्या फरशीवर आणतात. नवसाआक्का जिला “ठेव” म्हणेल ती विणीसाठी राहते, “नको” म्हणेल ती बाजाराला जाते. मी वही धरते. छायाची पाठ शेवंता बाटलीवर वाढलेली, आई दोन दिवसांतच गेली तिची. चुलीपाशी झोपते. छायाचा नवरा कुरकुरला, तर आता तो ओसरीवर झोपतो.

आक्का सत्तरीची, शाळेत गेली नाही. पण तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले की हाताची घडी घालून तिचं काम बघत उभे राहतात. आधी ती हातच लावत नाही. पाठीला चालवते आणि मागून बघते. मागच्या दोन पायांत ओंजळ मावली पाहिजे, उद्या तिथे कास बसायची असते. मग पुढच्या पायांमध्ये मूठ घालून छाती मोजते. मानेपासून शेपटीपर्यंत तळवा असा फिरवते, की करडू डोळेच मिटून घेतं. सगळ्यात शेवटी तोंडात अंगठा. शेळीला वर पुढचे दात नसतात, खालचे दात वरच्या हिरडीला नेमके टेकले पाहिजेत. मी इतकी वर्षं पाहतेय, तरी तो हात चालू झाला की माझं लिहायचं राहून जातं.

मंगलाबाईची पाठ पहिली चालली. मागचे गुडघे एकमेकांना घासत होते.

“मंगल, तुझ्यासारखीच चालती की ही.”

“माझी चाल बघूनच माझं लग्न जमलं, आक्का.”

“त्याला तुझी कास बघायची नव्हती. नको.”

फरशीभर हसू फुटलं. दुसऱ्या पाठीच्या तोंडात मात्र अंगठा गेला आणि तिथेच थबकला. “नको.” तिसरीलाही तसंच. मग कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदा लिंबाखाली बांधलेल्या सरदारकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

सरदार आक्काचा बोकड. पांढराशुभ्र, रुंद छातीचा, उभा राहिला की बघत राहावं असा. पाच वर्षं वस्तीतली प्रत्येक शेळी त्याच्याकडेच जाते. शेजारच्या गावात दुसरा बोकड आहे, पण तिकडे शेळी नेणं म्हणजे आक्काच्या तोंडावर तिच्या बोकडाला नाव ठेवणं. बोकडासाठी ती एका नारळाशिवाय काही घेत नाही. कोण नेणार? माझ्या वहीत बापाच्या रकान्यात पाच वर्षं एकच नाव आहे. आयांची पानं उलटली तर त्यांच्या बापाच्या रकान्यातही तेच. मला वाचता येतं. मीही गप्पच होते.

शेवटी शेवंता चालली. आक्काचा चेहराच बदलला.

“बाई गं, काय कंबर हाय. अशी पाठ मी दहा वर्षांत धरली नाय.”

छायाने माझा हात इतका दाबला की पेन पडलं. आक्काने छाती मोजली, तळवा फिरवला, मान डोलावली. मग अंगठा आत घातला. तो बराच वेळ आत राहिला. बाहेर काढून तिने पदराला पुसला.

“बाकी सोनं हाय पोर. जबडा आखूड हाय. गवत नीट तुटायचं नाय हिला, आन् पिलांनाबी तेच देईल.”

छायाने माझा हात सोडला. शेवंता तिचं बोट चोखत होती.

“बाटलीनं झालं का, आक्का? मी निप्पलचं भोक मोठं कापलं होतं. उपाशी होती ना, दूध लवकर जावं म्हणून. माझ्यामुळंच झालं असंल.”

“होतं कधी कधी बाटलीनं,” मंगलाबाई फरशीकडे बघत म्हणाली. मीही मान हलवली. लाज वाटली, पण हलवली.

आक्काने आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे, सावकाश. मग गुडघ्यावर हात टेकून छायाजवळ खाली बसली आणि शेवंताचं तोंड ओंजळीत धरलं.

“बाटलीनं जबडा आखूड होत नाय, छाया. तू तर हिला जगवलीस. हिचा बाप सरदार, हिच्या आईचा बापबी सरदार. मघाच्या त्या दोघींचंबी तेच. खोट माझ्या बोकडाच्या रक्तात हाय.”