सोनकीला सांगायचं राहिलं होतं

सोनकीच्या गोष्टींचं सहावं पुस्तक का आलं नाही, असं लोक मला अजून विचारतात. एका रविवारच्या पुरवणीत तर कुणीतरी छापून टाकलं की लेखिकेला पुढं काही सुचेनासं झालं. सुचेनासं! माझ्या वहिनीला ओळखणाऱ्या कुणालाही याचं हसू येईल. कांदा चिरता चिरता ती दोन गोष्टी रचायची आणि तिसरी फोडणी देताना. कारण वेगळंच होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून सांगते.

चारुलता वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. अण्णा पाटबंधारे खात्यात. त्यांची लग्नानंतरची वर्षं कोयनानगरला गेली आणि त्यांची एकुलती एक पिंकी तिथलीच. जमीन हलून फळीवरची भांडी वाजायला लागली की आम्ही देवाचं नाव घ्यायचो आणि ही पोर टाळ्या पिटायची. पुढं बदली सांगलीला झाली. विश्रामबागेत घर घेतलं आणि पिंकीला शाळेसाठी धोंडिरामचा टांगा लावला. त्याची घोडी सोनकी, पिवळसर तांबूस अंगाची, स्वभावानं गरीब. सकाळी ती फाटकाशी थांबली की पिंकी आधी तिच्या तोंडाशी गुळाचा खडा धरणार आणि मगच टांग्यात चढणार. त्यापायी रोज एक हात चिकट घेऊन शाळेत जायची कार्टी.

एक्याण्णवच्या पावसाळ्यात पिंकीला कावीळ झाली. दवाखाने केले, उतारे केले, नको नको ते केलं. आठवड्याभरात पोर हातची गेली. दुसरीत होती.

त्यानंतर टांगा पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथंच होते. धोंडिरामच्या मनात फाटकावरून गुपचूप पुढं जायचं होतं. पण सोनकी थांबली. त्यानं लगाम हलवला, चुचकारलं, शेवटी खाली उतरून ओढलं. ती हलेना. मान वळवून दाराकडं बघत राहिली. टांग्यातली पोरं माना काढून बघू लागली. शेवटी वहिनी उठली, डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि बाहेर जाऊन तिला चारला. तेव्हा कुठं घोडी निघाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग तो रोजचाच रिवाज झाला.

पुस्तकांचा जन्म इथला. टांग्यातली पोरं वहिनीकडं भेदरून बघायची आणि तिला ते बघवत नसे. म्हणून गूळ चारता चारता ती त्यांना सांगू लागली, काल रात्री सोनकी कुठं जाऊन आली ते. कधी कोयनेच्या घाटात ढगात वाट चुकली, कधी म्हसवडला सिद्धनाथाच्या रथापुढं चालली. पोरांना शाळेला उशीर व्हायला लागला. मुख्याध्यापिकाबाई तक्रार घेऊन घरी आल्या, अर्धी गोष्ट ऐकली आणि पुढचं ऐकल्याशिवाय उठेनात. त्यांच्याच ओळखीनं साताऱ्याच्या एका प्रकाशकानं पहिलं पुस्तक काढलं.

लिहायची तिची तऱ्हा निराळी होती. गोष्ट आधी टांग्यातल्या पोरांना सांगायची. ज्या ठिकाणी कुणी जांभई दिली किंवा दप्तराशी चाळा केला, तेवढं गाळायचं. उरेल ते दुपारी ओट्याशी उभ्यानं लिहायचं. गोष्टीत सोनकी कुठंही जावो, उजाडायच्या आत परत यायची, कारण सकाळी तिला कुणालातरी शाळेत न्यायचं असायचं. ते कुणीतरी कोण, हे पाचही पुस्तकांत कुठं लिहिलेलं नाही. वाचणाऱ्या पोरांनीही कधी विचारलं नाही. पोरं शहाणी असतात.

पंचाण्णवला पाचव्या पुस्तकाला बक्षीस मिळालं. सत्कार साताऱ्यात होता. मी तिथल्याच शाळेत शिकवते, त्यामुळं सगळी लगबग माझ्या अंगावर. वहिनीनं एकच हट्ट धरला होता, धोंडिरामलाही बोलवायचं. तो बिचारा कडक इस्त्रीचा सदरा आणि नवा फेटा घालून एसटीनं आला आणि शाल खांद्यावर पडल्यावर अवघडून खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, “सोनकी खरी आहे का?”

“खरी आहे,” वहिनी म्हणाली. “रोज सकाळी माझ्या दारात येऊन थांबते. माझी मुलगी आता शाळेला येणार नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.”

ती हसत बोलत होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धोंडिराम फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. मला वाटलं, बरं झालं, मन मोकळं झालं बाईचं. मला कप्पाळ कळलं होतं.

सत्काराच्या दगदगीनं वहिनीला ताप भरला. धोंडिराम दुसऱ्या दिवशी सांगलीला परतला आणि ती माझ्याकडं राहिली. अंगात कणकण असूनही रोज सकाळी उठून खिडकीशी बसायची. मी रागावले. म्हटलं, “पडून राहा की जरा. इथं कोण येणारे?”

“वन्सं,” ती म्हणाली, “तुमच्या भावानं तिचे फ्रॉक देऊन टाकले. शाळेनं पटावरचं नाव काढलं. तुम्ही सगळ्यांनी मानून घेतलंत. मी तुम्हाला नावं नाही ठेवत. पण ती एक घोडी अजून वाट बघते. ती थांबते म्हणून मला सकाळी उठावंसं वाटतं. नाहीतर कशाला उठू?”

मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली.

ताप उतरायला पंधरवडा गेला. मग मीच तिला सांगलीला पोचवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी पायरीवर चहा घेत होते. वळणावर घुंगरं वाजली, टांगा दिसला. आमचं फाटक आलं तशी सोनकीनं कान मागं पाडले, रस्त्याची पलीकडची कड धरली आणि दुडक्या चालीनं निघून गेली.

धोंडिरामनं पुढं जाऊन टांगा थांबवला. चालत मागं आला आणि वहिनीपुढं हात जोडले.

“बाई, सांगितलं तिला.”

“काय सांगितलं?”

“तुमी सभेत म्हनला न्हवं का, घोडीला कुनी सांगितलंच न्हाई म्हनून. माझ्या काळजात रुतलं बगा. सांगायचं काम माझं हुतं. इतकी वर्सं तुमाला रोज रडवलं म्या. पयले काही दिस लय तरास दिला तिनं. चाबूक घ्यावा लागला. जल्मात तिला चाबूक लावला न्हवता, बाई. पर आता ठावं झालंय तिला. न्हाई थांबायची.”

वहिनीचा चेहरा बघून मी कप पायरीवर ठेवला आणि फाटकाशी धावले. मला राहवेना. “धोंडिराम, काय केलंत हे!” मी ओरडले. “त्या थांबण्यावर तर ती जगत होती!”

आधी त्याला समजलं नाही. समजलं तेव्हा तो धावत सुटला. टांगा वळवून आणला आणि लगाम गच्च धरून सोनकीला फाटकासमोर उभी केली. ती उभी राहिली. पण तिचं सगळं अंग थरथरत होतं आणि डोळे फिरले होते. वहिनीनं गुळाचा हात पुढं केला, तशी तिनं मान झटकली आणि मागं सरली. चाक दगडावर चढलं, पोरं किंचाळली.

“खा गं, माझी बाय, खा,” धोंडिराम रडत म्हणत होता.

वहिनीनं हात मागं घेतला. “सोडा तिला. घाबरलीय ती. उद्यापासून मागच्या रस्त्यानं नेत जा.”

“आवं बाई, चार दिसांत परत शिकिवतो तिला.”

“शिकवून थांबलेली घोडी घेऊन मी काय करू, धोंडिराम?” ती अगदी हळू बोलली. “तुमचं काही चुकलं नाही. मुलांना उशीर होतोय, निघा.”

टांगा हलला. मागं तोंड करून बसलेल्या एका पोरीनं विचारलं, “काकू, आज गोष्ट न्हाई?” वहिनीनं फाटक लावून घेतलं. आजतागायत तिनं कुणाला गोष्ट सांगितलेली नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही.

आरडाओरडा ऐकून अण्णा बाहेर आला होता. दाढीचा फेस तसाच गालावर. “काय झालं?” त्यानं विचारलं.

वहिनी त्याच्याजवळ गेली. त्या चार वर्षांत जे शब्द तिच्या तोंडून आम्ही कुणी ऐकले नव्हते, ते ती आत्ताच निरोप आल्यासारखे त्याला सांगू लागली.

“अहो, आपली पिंकी गेली,” ती म्हणाली. “आपली पिंकी गेली हो.”