टेबलावरचं पाणी

पाणी स्थिर.

"सुधाबेन, ऐकता ना?" फोनवर शैलेशभाईंनी विचारलं. सुधा चुरी ऐकत होती, पण टेबलावरच्या काचेच्या ग्लासाकडे बघत. ग्लास अर्धा भरलेला होता. तो पिण्यासाठी नव्हता. नोव्हेंबरात डहाणू-तलासरीतली जमीन हलायला लागली आणि घराघरात असं काहीतरी उभं राहिलं. कुणी पंख्याला किल्ल्यांचा जुडगा टांगला, कुणी कपाटावर उलटी बाटली ठेवली. मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे सुधाच्या, टेबलावर ग्लास आला. संस्थेचे अध्यक्ष शैलेशभाई सांगत होते की मैदानातला मांडव आता काढायचा, वरच्या मजल्यावरचे वर्ग पुन्हा वर न्यायचे, इंजिनिअरने इमारत तपासून चांगली असल्याचं लिहून दिलं आहे, आणि शनिवारी नवे पालक शाळा बघायला येणार, त्यांना काय दाखवायचं, ही शाळा आहे की लग्नघर, असं म्हणून ते स्वतःच हसले आणि

पाणी हललं.

आधी खालून आवाज आला, जमिनीच्या पोटात कुणी रिकामं पिंप लोटल्यासारखा. मग खिडकीची तावदानं. फोन टेबलावर टाकून सुधा बाहेर पडली. व्हरांड्यात बायजी मावशी पितळी घंटेच्या दोरीला लोंबकळलीच होती. सुधा थेट दुसरीच्या वर्गात शिरली. मुलांनी दप्तरं डोक्यावर घेतली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागली. कुणी पळालं नाही. शेवटच्या मुलामागून सुधा बाहेर आली.

मैदानात शाळा उन्हात उभी. इमारत जागच्या जागी. आत टेबलावर शैलेशभाई अजून बोलत होते.

पाणी स्थिर.

पळायचं नाही, हा नियम रूपीमुळे झाला. अगदी पहिल्या धक्क्याला सगळी शाळा एकदम जिन्यावर आली, दुसरीतली रूपी खाली पडली आणि तिच्यावरून बाकीचे गेले. हात मोडला. सुधाने तिला मांडीवर घेऊन जीपमधून कासाच्या दवाखान्यात नेलं. तिची आई रखमी शेतावरून तशीच आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, घर कुडाचा हाय आमचा. पडला तरी लागत नाय. शाळा पक्की म्हणून धाडली."

दुसऱ्या दिवशी सुधाने दुसरीचा वर्ग खाली आणला. चालायचं कसं ते तिने स्वतः शिकवलं, आणि सांगितलं की घंटा ऐकू आली नाही तरी चालेल, मैदानात दुसरा वर्ग दिसला की आपणही निघायचं. कोणाला विचारत बसायचं नाही. आणि प्रत्येक धक्क्याला ती दुसरीच्या वर्गात जाणार म्हणजे जाणार. हा नियम तिने कुणाला सांगितला नाही, तो स्वतःपुरता होता.

पूर्वी ती या वर्गात शनिवारी जायची. शेवटचा तास. टेबलाच्या कडेवर बसून विचारायची, आठवड्यात कोणाच्या घरी काय झालं. कोंबडीने अंडी कुठे घातली, आजोबा कोणाशी भांडले, बापाने अच्छाडच्या ढाब्यावर काय खाऊ घातलं. मुलं एकमेकांना ढकलून पुढे यायची. मुख्याध्यापिका झाल्यावरही हा एक तास तिने सोडला नव्हता. तो कधी सुटला ते आठवत नव्हतं, कारण

पाणी हललं, पण तो ट्रक होता.

सगळी शाळा बाहेर काढल्यावर कळलं. कंटेनर हायवेवरून चुकून आतल्या रस्त्याला आला होता आणि ड्रायव्हर काच खाली करून बायजीला विचारत होता, आज काय, पंधरा ऑगस्ट?

पाणी स्थिर, पण फोन.

तलासरीहून एक आई, मुलांना उन्हात का बसवता. डहाणू रोडहून एक बाप, मुलांना छपराखाली का बसवता. बसचा ड्रायव्हर, मला गावी जायचंय, बायको घाबरते. दहावीचे शिक्षक, पूर्वपरीक्षा मांडवात घेतली तर पोरं एकमेकांचं बघून लिहितात. दुसरीच्या वर्गशिक्षिका रुचिता फोनवर नाही, समोरच, डोळ्यात पाणी, मॅडम तुम्ही आमच्याकडून धीराची अपेक्षा ठेवता पण तुमचा स्वतःचा गुडघा बघा. पुन्हा तलासरीची आई, आता ढग आलेत तर आत घ्या ना. सगळ्यांना सुधा हो म्हणाली. रुचितालासुद्धा.

पाणी हललं, कारण तिचा हलणारा गुडघा टेबलाच्या पायाला लागत होता.

हेही सगळी शाळा बाहेर आल्यावरच कळलं. घंटा सुधाने स्वतः वाजवली होती. बायजी कमरेवर हात ठेवून आली. इमारतीकडे बघितलं, सुधाकडे बघितलं.

"मॅडम, जमीन हालली का तुमीच?"

शिक्षक हसले. सुधाही हसली. हसताना जाणवलं की अजून हलतंय आणि ते कुठे हलतंय ते सांगता येत नाही.

सरावलीच्या घरी नवऱ्याने, मोहनने, तिला दिवाणाची कड धरून बसलेलं बघितलं. तो रेल्वेत होता. "अगं, मालगाडी आहे," तो म्हणाला. मग गाडीची शिटी ऐकू आली. तिने कड सोडली नाही. मोहनने शेंगांचं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि दोघं शेंगा सोलत बसली. थोड्या वेळाने तो म्हणाला, सोडून दे ती शाळा. ती म्हणाली, शनिवार होऊ दे.

पाणी प्यायलं गेलं.

शैलेशभाई शुक्रवारी स्वतः आले. वाईट माणूस नव्हता. चिकूची वाडी विकून त्यांनी ही शाळा उभारली होती आणि पटावरची मुलं गळायला लागली तसे तेही गळत चालले होते. ते खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि तिचा ग्लास उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

सुधा बघत राहिली.

"सू थयू, बेन? पाणीच होतं ना?"

ती हो म्हणाली.

ते समजुतीने बोलत होते. भूकंप जमिनीचा दोन मिनिटांत जातो, माणसाच्या डोक्यातला जात नाही. शाळेचं डोकं म्हणजे मुख्याध्यापक. तुम्ही शांत तर शाळा शांत. शेवटी ते उठले, व्हरांड्यात गेले आणि स्टुलावर चढून घंटेची दोरी वरच्या कडीला गुंडाळून गाठ मारली. हात झटकत खाली उतरले.

"हवे पछी, यापुढे, घंटा मला विचारून वाजेल. उद्या तुम्ही फक्त हसत शाळा दाखवा. ते काम तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

हेही खरंच होतं. संध्याकाळी मांडव निघाला, त्यातले वर्ग पुन्हा वर गेले.

ग्लास रिकामा.

शनिवारी पालक आले. डहाणूहून आलेले एक बँकेतले साहेब, त्यांची बायको, तलासरीच्या दोन शिक्षिका, गाडी लांब लावून आलेलं एक तरुण जोडपं. सुधा नवी साडी नेसून आली होती. प्रयोगशाळा दाखवली. वाचनालय दाखवलं. तिचा आवाज चांगला लागला होता, बँकेतले साहेब मान हलवत होते, शैलेशभाई मागून चालताना हात पाठीशी बांधून प्रसन्न दिसत होते. जिन्यापाशी आल्यावर तिने जिना रुंद असल्याचं सांगितलं आणि स्वतःच कठड्याला हात लावून पाहिला.

मग तळमजल्यावरचा दुसरीचा वर्ग आला. आतून कविता ऐकू येत होती. शनिवार होता. तिला वाटलं, आज जरा टेबलाच्या कडेवर बसू. पालकांनाही आवडेल. दारातून ती आत गेली.

कविता थांबली.

रूपी पहिल्या बाकावर होती. प्लास्टर निघालेला हात जरासा वाकडा दिसत होता. तिने सुधाकडे एकदा बघितलं, उठली आणि दप्तर डोक्यावर घेतलं. तिच्या मागचा मुलगा उठला. मग पुढची ओळ, मधली ओळ. कुणी रडलं नाही, कुणी विचारलं नाही. खांद्यावर हात ठेवून मुलं दाराकडे चालू लागली. रुचिता बसा, बसा म्हणत राहिली. बँकेतल्या साहेबांच्या बायकोला वाटलं, स्वागताचा कार्यक्रम आहे. तिने टाळ्या वाजवायला हात वर केले.

सुधाला कळलं. गेले तीन महिने ती या वर्गात जेव्हा जेव्हा आली तेव्हा तेव्हा जमीन हलली होती. मुलांना घंटा लागत नव्हती. ग्लास लागत नव्हता. तिचं येणं पुरेसं होतं.

रूपी तिच्यापाशी थांबली. तिच्या साडीला धरून म्हणाली, "मॅडम, तुमी पण चला. पळाचा नाय."

सुधा शेवटच्या मुलामागून बाहेर आली.

वरून तिसरीने मैदानात दुसरी पाहिली. तिसरी निघाली. चौथीने तिसरीला पाहिलं. घंटा न वाजता, जिन्यावर पावलांचा एकसारखा आवाज करत, सगळी शाळा खाली उतरली आणि उन्हात रांगांनी उभी राहिली. जिन्यावर कोणी पडलं नाही. पालक व्हरांड्यात, कोणाकडे बघायचं ते न समजून. तरुण जोडपं गाडीकडे निघालं होतं.

शैलेशभाईंनी ऑफिसातून माइक आणला. ते अगदी हळू म्हणाले, "सांगा त्यांना. काही झालं नाही म्हणून सांगा. चूक झाली म्हणा, आत जा म्हणा. बेन, शाळा वाचवा."

तिने माइक घेतला. समोर सगळी तोंडं, डोक्यावर दप्तरं, दप्तरांची सावली डोळ्यांवर. चूक झाली म्हटलं तर पुढच्या खेपेला ती बसून राहतील. एवढंच तिला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं, बाकी सगळं नेहमीसारखं हलत होतं.

"आज जमीन हलली नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही बरोबर आलात. पुढच्या वेळीही असेच या. मी असले नसले तरी."

शैलेशभाईंनी डोळे मिटून घेतले.

टेबल रिकामं.

संस्थेने तिला विश्रांती दिली. जूनपर्यंत, असं शैलेशभाई म्हणाले, आणि वापीहून कोणी सर येणार आहेत हेही त्यांनीच सांगितलं. आवाज न चढवता.

शेवटच्या दिवशी तिने कपाटाच्या किल्ल्या रुचिताकडे दिल्या, ग्लास धुऊन पालथा ठेवला आणि व्हरांड्यात आली. बायजी केरसुणी घेऊन उभी होती.

"पोरांना भेटून नाय जायचा?"

"गेले तर उठतील गं. कशाला उन्हात काढायचं."

बायजीने यावर काही थट्टा केली नाही. सुधाने स्टूल मागितलं. शेटनी बांधलीय ती, बायजी म्हणाली, पण स्टूल आणून दिलं आणि ते दोन्ही हातांनी धरूनही ठेवलं. गाठ घट्ट होती. सुधाच्या नखाला लागलं. शेवटी दोरी सुटून खाली आली. पण ती बायजीच्या मापाची होती. सुधाने स्वतःच्या कमरेशी हात धरून रूपीची उंची आठवली, इकडेतिकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पिशवीचा कापडी बंद ओढून काढला आणि दोरीच्या टोकाला जोडला. आता टोक रूपीच्या हाताला पोचेल एवढं खाली आलं.

दोरी हलत होती. दोघींनी सवयीने आधी वर व्हरांड्यातल्या पंख्याकडे बघितलं. पंखा स्थिर होता. दोरी थांबेपर्यंत सुधा तिथेच उभी राहिली.

मग तिने चपला काढून हातात घेतल्या. समोरची वाट दुसरीच्या दारावरून जात होती. ती पाण्याच्या टाकीमागून, भिंतीच्या कडेने, तापलेल्या मातीवर पावलं टेकत फाटकाकडे निघाली. खिडकीतून दुसरीची कविता ऐकू येत होती. कविता कुठेही न थांबता पुढच्या कडव्यात गेली.