रिकाम्या हवेतली उडी

केझाया आणि ईनॉक हे नवरा-बायको दोघंही गार्साइडच्या सर्कशीत होते. ती धावत्या घोड्याच्या पाठीवर उभी राहायची. तो रिंगणाच्या कठड्यावरून कागद ताणलेलं कडं धरायचा. कागद फाडून ती पलीकडे जायची आणि परत घोड्यावर उतरायची. अकरा वर्षांत एकही उडी चुकली नव्हती.

हॅलिफॅक्सच्या दुपारच्या खेळात पाचवं कडं उचलताना त्याने पाहिलं, कागद आधीच फाटलेला. दुसरं घ्यायला तो वाकला. उडीसाठीची नेहमीची आरोळी दिलीच नाही. बायको बघतेय, एक फेरी जाऊ देईल, असं त्याने गृहीत धरलं.

आणि केझाया उडाली! समोर काहीच नव्हतं, तरी कागद फाडायला तिने मुठी पुढे केल्या, मान खाली घातली, आणि रिकाम्या हवेतून जाऊन घोड्यावर उतरली. खेळ बघायला आलेली गिरणीतली माणसं पोट धरून हसली. ईनॉकने मात्र दुसरं कडं अजून उचललंच नव्हतं.

खेळ संपल्यावर तो कपडे बदलायच्या तंबूत तिच्यासमोर उभा राहिला.

"माझ्या हातात काय आहे, सांग."

"चहाचा मग."

"काही नाहीये, केझाया."

"ईस्टरला प्रेस्टनला होतो ना, तेव्हापासून नुसता उजेड कळतो."

"चार महिने झाले! आणि तू घोड्यावर..."

"हळू बोल. बार्नी घोडा बारा झेपांत फेरी पुरी करतो. बाराव्या झेपेला तू ओरडतोस, मी उडते. आज वाटलं, बँडच्या गोंगाटात ऐकू आलं नाही."

तो धावतच मालकाकडे गेला. "मालक, खेळ थांबवा! बायको आंधळी झालीय माझी!"

गार्साइडने तोंडातला घास गिळला. "तुला आज कळलं?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग तरणा घोडा काढून म्हातारा बार्नी तिला कशाला दिला? बँडला एकच चाल का धरायला लावली? तुझ्याखेरीज सगळ्या तंबूला ठाऊक आहे, गाढवा. तुला न सांगायची शपथ तिनेच घातली होती."

ईनॉक तिथून बाहेर पडला. एका गाडीत झोपायचं, एका टेबलावर जेवायचं. चहा ओतताना ती मगाच्या काठावर बोट ठेवायची, ते रोज बघूनही त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

"मलाच का नाही सांगितलंस?" परत येऊन त्याने विचारलं.

"कडं तू धरतोस ना. हात थरथरला असता तुझा."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. कागद फडफडला, तो तिने ऐकला आणि घोडा थांबवला. "ईनॉक, खाली उतर," ती भर रिंगणात म्हणाली. कडं धरायला कसरतवाला सायलस आला.

ती आणखी दोन हंगाम उडत राहिली, एकदाही पडली नाही. तिचा खेळ चालू असेपर्यंत ईनॉक मागच्या तबेल्यात कानांत बोटं घालून उभा राहायचा. कुणीतरी येऊन त्याचा खांदा हलवायचं आणि म्हणायचं, "उतरली रे."