सप्टेंबरपुरता

"पोट आत घे," हार्लन म्हणाला आणि त्यानं लग्नाच्या गाउनची चेन दोन्ही हातांनी वर ओढली.

चेन सर्रकन मानेपर्यंत गेली. हार्लननं जोर लावायची पूर्ण तयारी केली होती, त्यामुळे त्याचे हात हिसका बसून नॉर्बच्या कानावर आदळले. मागच्या खेपेला नॉर्ब गुणतक्त्यात तळाला आला होता, तेव्हा हीच चेन कमरेच्या वर सरकेना. शेवटी गाउनला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून बोटीच्या दोरीनं आवळावा लागला होता आणि नॉर्ब दिवसभर खाटकाकडच्या बांधलेल्या मांसासारखा फिरत होता. भोकं अजून तशीच होती. दोरीची मात्र आज गरज नव्हती. पाठीवरचं कापड इतकं सैल होतं की हार्लनची मूठ आत मावली असती.

"गाउन ढिला झाला," हार्लन म्हणाला.

"आर्डिसनं धुतला असेल."

"धुतल्यावर कापड आटतं, गाढवा."

"मग मी आटलो असेन. जॅनिस सकाळ-संध्याकाळ पालापाचोळा खायला घालते." नॉर्बनं डोक्यावरची जाळी सारखी केली आणि गिरकी घेतली. "कसा दिसतो?"

"बापानं हुंडा देऊनही खपायची नाहीस."

शबॉयगनमधल्या आर्डिसच्या गॅरेजमध्ये दर ऑगस्टला, मोसम सुरू व्हायच्या आधी, ही मंडळी जमायची. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर खेळणारे खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे, प्रत्येकाचा कागदावर एक संघ, आणि मग रविवारी खेळाडू जसा खेळेल तसे मालकाला गुण. मागच्या वर्षी जो तळाला त्यानं गाउन घालायचा. त्याबदल्यात पहिली निवड त्याची. मंगळवारी सकाळी आर्डिस गुणांचा तक्ता आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेवर लावायची, आणि खिळे घ्यायच्या निमित्तानं सगळं गाव तो वाचून जायचं.

त्या काचेवर नॉर्बचं नाव आजवर एकदाही सगळ्यात वर आलं नव्हतं. एका मंगळवारीसुद्धा नाही. हार्लन मात्र सध्याचा विजेता होता आणि विजेत्याला मिळणारा बोलिंगचा जुना चषक त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेत वर्षभर मिरवत होता, शेजारच्या नॉर्बच्या खिडकीसमोर.

जुलैत नॉर्ब मिलवॉकीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आला होता. पित्तात खडे आहेत, असं त्यानं कुंपणाशी उभं राहून सांगितलं. हार्लननं ते खडे माशांच्या टाकीत टाकायला मागितले. नॉर्ब हसला होता. नॉर्बची बायको जॅनिस एरवी हार्लनच्या कुठल्याही बोलण्याला सव्वाशेर उत्तर द्यायची. त्या दिवशी ती हातातली बादली तिथंच ठेवून आत निघून गेली. बादली दुसऱ्या दिवशीही तिथंच होती.

बाकीचे अजून यायचे होते. शेगडीवर सॉसेज तडतडत होते. नॉर्ब घडीच्या खुर्चीत बसला, गाउनचा घोळ मांडीवर गोळा केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक खरं सांग. थट्टा नको. मेब्रीचं काय वाटतं तुला?"

हार्लननं टोपी मागे सरकवली. खेळाडूंची पारख करावी तर त्यानंच, हे त्याचे शत्रूही मान्य करायचे. कॉर्टलंड मेब्री म्हणजे नॉर्बचा लाडका. लांब पळत जाऊन खांद्यावरून येणारा चेंडू झेलणारा. आता वय झालेलं, तिसरा संघ, गळ्याजवळचं हाड जोडलेलं, गुडघा दोनदा उघडलेला आणि मांडीमागची शीर तर भाड्यानं आणल्यासारखी. तरी दरवर्षी कोणी विचारत नाही अशा फेरीत नॉर्ब त्याला प्रेमानं उचलायचा.

"तो म्हणजे तुझ्या मेव्हण्याचा ट्रक," हार्लन म्हणाला. "उन्हाळ्यात पहिल्या किल्लीला सुरू. हात अजून तसेच आहेत, त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. सप्टेंबरभर त्याच्यासारखा देशात दुसरा नाही. मग पहिली थंडी पडते, हा मांडी धरून बाकावर बसतो आणि नाताळपर्यंत तिथंच."

"पण सप्टेंबर नक्की?"

"सप्टेंबर लिहून देतो."

"बस मग."

"बस काय? मोसम काय सप्टेंबरात संपतो?"

"एकदा तरी त्या काचेवर वर नाव बघायचंय रे," नॉर्ब म्हणाला. "एका मंगळवारी. तेवढंच."

"बघशील. डिसेंबरात बघ, तेव्हा किंमत असते."

नॉर्बनं सॉसेज उलटायचा चिमटा उचलला, एक उलटला आणि चिमटा परत ठेवला. खायला काही घेतलं नाही.

हार्लनचं लक्ष तिथं नव्हतं. तो मनातल्या मनात खदखदा हसत होता. भिंतीवर मोठा तक्ता लावलेला होता आणि टेबलावर प्रत्येक खेळाडूच्या नावाचा स्टिकर. निवड झाली की आर्डिस तो मालकाच्या रकान्यात चिकटवायची. हार्लननं सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मेब्रीचा स्टिकर सोलून स्वतःच्या टोपीच्या आतल्या बाजूला लावला होता. नॉर्ब आता गाउन सावरत, कपाळावरचा चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो हुडकत फिरणार होता.

मंडळी जमली. आर्डिसनं होडीवरची घंटा वाजवली आणि चष्म्यावरून नॉर्बकडे पाहिलं. पहिली निवड कोणती हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गॅसवे नावाचा नवा पोरगा, बैलासारखा, कधी आजारी न पडणारा. आर्डिसच्या बोटावर त्याचा स्टिकर तयारच होता.

"मेब्री," नॉर्ब म्हणाला.

किपनं हातातली बिअर टेबलावर सांडली. हा किप शाळेची बस चालवायचा आणि बोलायचाही बसच्या आवाजावर. "नवरीबाई, तो शेवटच्या फेरीत फुकट मिळाला असता. पहिल्या निवडीत? डोकं पण गाउनसारखं ढिलं झालं का?"

सगळे हसले. हार्लन सगळ्यात मोठ्यानं हसला.

"स्टिकर लागला की लागला, नॉर्ब. मग बदलायचं नाही," आर्डिस म्हणाली.

"माहितेय."

मग शोधाशोध सुरू झाली. आर्डिसनं स्टिकरचे कागद उलटेपालटे केले आणि हार्लनकडे पाहिलं. हार्लननं दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. नॉर्ब टेबलाखाली वाकला, गुडघ्यांवर बसला, रांगत पलीकडे गेला. पांढरा घोळ तेलकट फरशीवरून त्याच्यामागे सरपटत गेला. हार्लननं हसू दाबण्यासाठी ओठ चावला. मग नॉर्ब उठू लागला. टेबलाची कड धरली, अर्धा वर आला आणि परत खाली बसला. दुसऱ्यांदा किपनं काखेत हात घालून त्याला उचललं. "वजनच नाही रे तुला," किप म्हणाला, आणि त्यानं खुर्ची पुढं ओढली.

नॉर्ब खुर्चीत बसला. जाळी श्वासासरशी हलत होती.

आर्डिसनं पेन्सिलीनं मेब्री लिहिलं आणि डाव पुढं नेला. गॅसवे किपनं पटकावला. विजेता शेवटी, म्हणून पहिल्या फेरीतला शेवटचा आणि दुसरीतला पहिला खेळाडू हार्लनचा. त्यानं दोन खणखणीत गडी घेतले. फेरी उलटी फिरत नॉर्बकडे आली, आणि त्याच्या वाट्याला लागोपाठ दोन निवडी आल्या.

पहिला घेतला तो एका जखमी खेळाडूचा बदली. मूळ खेळाडू ऑक्टोबरात गुडघा बरा करून परतणार आणि हा पुन्हा बाकावर बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरा घेतला तोही तसाच. त्याच्या संघात चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला महिनाभराची बंदी होती, तेवढ्यापुरता त्याच्या जागी उभा राहणारा.

"अरे, हे सगळे पानं गळायच्या आधीच गळणार," किप म्हणाला. "तुला पुढचं काही दिसतं की नाही?"

नॉर्बनं खांदे उडवले. गाउनचे खांदे मागाहून उडाले.

हार्लन तक्त्याकडे पाहत होता. नॉर्बचा रकाना त्यानं वरून खाली वाचला, मग खालून वर. वेडेपणा म्हणावा तर निवड चुकलेली नव्हती. सप्टेंबरसाठी याहून चांगला संघ खुद्द हार्लनलाही बांधता आला नसता. एकही माणूस वाया नव्हता आणि एकही ऑक्टोबरात पोचत नव्हता. त्याची नजर तक्त्यावरून नॉर्बच्या पाठीवर आली. सहज वर गेलेली ती चेन. बाजूची रिकामी भोकं. त्याला एकदम जॅनिसनं कुंपणाशी टाकून दिलेली ती बादली आठवली.

शेगडीवर कोणाचा तरी सॉसेज जळत होता. कोणीतरी ओरडून हार्लनला तो उलटायला सांगितलं. त्यानं उलटला नाही.

"हार्लन, तुझी पाळी. दोन," आर्डिस म्हणाली.

चांगले गडी अजून बरेच बाकी होते. त्यानं रिटरचं नाव घेतलं.

"रिटर?" किप म्हणाला. "तो पायाला प्लास्टर घालून सोफ्यावर पडलाय."

"ऑक्टोबरात निघेल प्लास्टर."

दुसरा त्यानं बंदीवाला फेकणारा घेतला, ज्याच्या जागी नॉर्बचा गडी उभा राहणार होता तोच.

आर्डिसनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. नॉर्ब खुर्चीतल्या खुर्चीत वळला आणि जाळीआडून त्यानं हार्लनकडे पाहिलं.

"महिनाभर गाळात जाशील," तो म्हणाला. "हे दोघं सप्टेंबरात मैदानावरच येत नाहीत."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला काही घाई नाहीये," हार्लन म्हणाला.

नॉर्बनं जाळी हनुवटीपर्यंत खाली ओढून घेतली. नवरी लाजली, असं कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

हार्लन उठला. त्यानं टोपी काढली, आतून स्टिकर सोलला आणि तक्त्यापाशी जाऊन नॉर्बच्या रकान्यात सगळ्यात वर, पेन्सिलीच्या अक्षरांवर नीट बसवला.

"तुझ्याकडेच होता तर," आर्डिस म्हणाली.

"माझ्याकडेच होता."

घामानं डिंक गेला होता. तीन कोपरे बसले, चौथा सारखा उचलला जात होता. आर्डिसनं पुढच्या नावाचा पुकारा केला, मग त्याच्या पुढच्या. हार्लन तसाच तक्त्याकडे तोंड करून उभा राहिला, त्या कोपऱ्यावर अंगठा दाबून.